‘सर मंगळवारी येतात’: स्टार्टअपचा अर्धवेळ सीटीओ आणि तुमचा डेटा

लिंक्डइनवर जरा स्क्रोल केलंत तर नावाखाली ‘फ्रॅक्शनल सीटीओ’ असं लिहिलेली चार-पाच प्रोफाइल्स सहज सापडतील. पंधरा-वीस वर्षांचा अनुभव, आधी कुठल्यातरी मोठ्या कंपनीत, आणि आता एकाच वेळी तीन-चार स्टार्टअप्सचे टेक्नॉलॉजी प्रमुख. तुमच्यापैकी जे नुकतेच नोकरीला लागलेत त्यांना पहिला प्रश्न हाच पडतो: एकाच वेळी तीन कंपन्या? हे चालतं?

चालतं. बरेचदा चांगलंही चालतं. पण ते कधी चालतं आणि कधी नाही, हा फक्त त्या कंपनीच्या मालकाचा प्रश्न नाही. ज्या ॲप्सना तुम्ही आधार, पॅन, लोकेशन, सेल्फी असं सगळं देऊन बसलाय, त्यातली बरीचशी अशाच छोट्या, वाढत्या कंपन्यांची आहेत. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम जाहीर झाल्यापासून या सगळ्या कंपन्यांपुढे एक सरळ प्रश्न उभा आहे. डेटा गेला तर उत्तर कोण देणार?

आधी हा प्रकार समजून घेऊ

सीटीओ म्हणजे चीफ टेक्नॉलॉजी ऑफिसर, कंपनीच्या तांत्रिक बाजूचा प्रमुख. फ्रॅक्शनल म्हणजे त्याचा एक हिस्सा. आठवड्यातले दोन दिवस, किंवा महिन्याचे तीस-चाळीस तास. पगार नाही, दरमहा ठरलेली फी. त्यावर टीडीएस कापला जातो, आणि वर्षाची फी २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटीची नोंदणी करून १८ टक्के लावावा लागतो. थोडक्यात, हा माणूस कंपनीचा कर्मचारी नसतो, पण कंपनीची टीम त्याला रिपोर्ट करते. सल्लागारात आणि त्याच्यात हाच फरक. सल्लागार मत देतो आणि जातो. फ्रॅक्शनल सीटीओने निर्णय घ्यायचा असतो.

गरज कशी तयार होते ते बघा. समजा बाणेरमध्ये एक स्टार्टअप आहे. शेतकऱ्यांकडून भाजी घेऊन सोसायट्यांमध्ये पोचवतात. मालक दोघे, एक शेतीतला, एक मार्केटिंगवाला. ॲप एका एजन्सीकडून करून घेतलं. रोजच्या पाचशे ऑर्डरपर्यंत सगळं छान. पाच हजार झाल्या की रविवारी सकाळी ॲप झोपतं. मग चार मुलं नोकरीला घेतली जातात, सगळी दोन-तीन वर्षांच्या अनुभवाची. मुलं हुशार असतात, पण डेटाबेस एकच ठेवायचा की तोडायचा, क्लाउडचं बिल दर महिन्याला का फुगतंय, प्रॉडक्शनचा पासवर्ड किती जणांकडे आहे, पहिला टेस्टर कधी घ्यायचा, हे ठरवायला कोणी नसतं. असे निर्णय रोज घ्यावे लागत नाहीत. महिन्यातून दोन-चार. पण चुकले तर वर्षभर पुरतात.

हे ठरवू शकेल असा पूर्णवेळ माणूस या कंपनीला परवडत नाही. परवडला तरी तो येत नाही, कारण त्याच्या लायकीचं काम इथे पाच दिवसांचं नसतंच. मग दोन दिवस घ्या. हिशोब सोपा आहे.

यात आणखी एक गोष्ट मिसळली ती एआयमुळे. आंद्रे कार्पाथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘व्हाइब कोडिंग’ हा शब्द वापरला आणि वर्षभरात तो सगळीकडे झाला. तुम्ही साध्या भाषेत सांगायचं, एआय कोड लिहून देणार. शनिवार-रविवारात चालतं ॲप तयार. म्हणजे हात स्वस्त झाले. पण समोर आलेला कोड बघून ‘हे इथे फुटणार’ असं सांगणारं डोकं स्वस्त झालेलं नाही, उलट त्याची गरज वाढली. अर्धवेळ का होईना, असं डोकं हवं असं मालकांना वाटायला लागलंय ते उगाच नाही.

व्हिजिटिंग डॉक्टर आणि आरएमओ

आपल्याकडे ही पद्धत नवीन मुळीच नाही. एकच सीए पन्नास दुकानांचे हिशोब बघतो, त्याला कोणी ‘फ्रॅक्शनल’ म्हणत नाही. पण मला जवळचं उदाहरण वाटतं ते तालुक्याच्या गावातल्या हॉस्पिटलचं. बाहेर बोर्ड असतो: हृदयरोगतज्ज्ञ, दर मंगळवार व शुक्रवार, सकाळी ११ ते २. मोठ्या शहरातले डॉक्टर येतात, पेशंट तपासतात, औषधं बदलतात, पुढच्या गावाला जातात. गावाला चांगला डॉक्टर मिळतो, हॉस्पिटलला पूर्ण पगार द्यावा लागत नाही.

हे चालतं, कारण मधल्या रात्रींना तिथे आरएमओ असतो. सिस्टर असतात. केसपेपरवर काय द्यायचं, कधी द्यायचं, काय झालं तर कोणाला फोन करायचा हे लिहिलेलं असतं. व्हिजिटिंग डॉक्टर आहे आणि आरएमओच नाही अशा हॉस्पिटलमध्ये तुम्ही तुमच्या आजीला रात्री ठेवाल का?

स्टार्टअपचं नेमकं इथेच फसतं. व्हिजिटिंग सीटीओ आणला जातो. वेबसाइटवर त्यांचा फोटो लागतो, गुंतवणूकदारांच्या प्रेझेंटेशनमध्ये त्यांचा अनुभव जातो. आरएमओ मात्र नेमला जात नाही. म्हणजे बुधवारी रात्री दोन वाजता सर्व्हर पडला तर निर्णय कोण घेणार हे ठरवलेलंच नसतं.

मी ज्या एका टीममध्ये होतो तिथे असे सर मंगळवारी आणि गुरुवारी यायचे. माणूस खरंच भारी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला एक प्रश्न विचारला, “बॅकअप रोज घेताय ते ठीक, पण त्यातून डेटाबेस परत उभा करून कोणी बघितलाय का?” कोणीच बघितला नव्हता. दोन दिवस बाकी सगळं थांबवून ते काम केलं. असा एक प्रश्न म्हणजे त्या माणसाची महिन्याची फी वसूल. पण त्याच कंपनीत एका शुक्रवारी संध्याकाळी नवीन व्हर्जन गेल्यावर लोकांचे पेमेंट दोनदा कापले जाऊ लागले. जुनं व्हर्जन परत लावायचं, एवढंच काम. दहा मिनिटांचं. पण ‘परत लावा’ म्हणण्याचा अधिकार सरांकडे, आणि सर त्या दिवशी दुसऱ्या कंपनीच्या मीटिंगमध्ये. ग्रुपवर मेसेज, दोन निळ्या टिका येण्याची वाट, मालकांना फोन, मालक म्हणतात “सरांना विचारा”. पावणेदोन तास गेले. त्या वेळात ज्यांचे पैसे दोनदा गेले त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

सरांचा दोष? मला तरी तसं वाटत नाही. दोन दिवसांचे पैसे देऊन सात दिवसांचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवला, ही मांडणीच चुकीची होती.

मोठ्या कंपन्यांचं काय झालं

अर्धवेळ प्रमुख फक्त छोट्या कंपनीतच असतो असंही नाही. जॅक डॉर्सी २०१५ पासून २०२१ पर्यंत ट्विटर आणि स्क्वेअर या दोन्ही कंपन्यांचे एकाच वेळी सीईओ होते. १५ जुलै २०२० ला ट्विटरवर बराक ओबामा, जो बायडन, इलॉन मस्क, ॲपल अशा खात्यांवरून बिटकॉइनची फसवी जाहिरात झळकली. एकूण १३० खात्यांना लक्ष्य केलं गेलं होतं. यामागचा मुख्य सूत्रधार फ्लोरिडातला १७ वर्षांचा मुलगा निघाला. हॅकिंगसुद्धा फार अवघड नव्हतं. कंपनीच्या आयटी विभागातून बोलतोय असं सांगून कर्मचाऱ्यांना फोन केले आणि लॉगिन काढून घेतलं. न्यूयॉर्क राज्याच्या वित्तीय सेवा विभागाने चौकशी करून ऑक्टोबर २०२० मध्ये अहवाल दिला. त्यात एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे: डिसेंबर २०१९ पासून ट्विटरकडे माहिती सुरक्षेचा प्रमुखच नव्हता. खुर्ची रिकामी. प्रमुख असता तर हे घडलंच नसतं असं कोणी सांगू शकणार नाही. पण जगभरातले नेते जिथे बोलतात त्या कंपनीत ती खुर्ची सात महिने रिकामी राहते, यावरून वर बसलेल्यांचं लक्ष कुठे होतं ते कळतं.

दुसरं उदाहरण उलट्या बाजूचं आहे आणि म्हणून जास्त महत्त्वाचं. गिटलॅब ही कोड साठवण्याची सेवा देणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका इंजिनिअरने थकलेल्या अवस्थेत डिलीटची कमांड चुकीच्या सर्व्हरवर चालवली. खरा डेटाबेस गेला. आता बॅकअप काढू म्हटलं, तर रोजचा बॅकअप रिकामा. व्हर्जन जुळत नसल्यामुळे तो कधीपासून फेलच होत होता. आणि फेल झाल्याचे ईमेल? तेही मेल सर्व्हर नाकारत होता. वाचले ते फक्त एका कारणाने, कोणीतरी सहा तास आधी टेस्टिंगसाठी हाताने एक प्रत काढून ठेवली होती. सहा तासांचा डेटा कायमचा गेला.

गिटलॅबने नंतर जे घडलं ते सगळं उघड लिहिलं. ते वाचण्यासारखं आहे. बॅकअप तपासला का जात नव्हता, या प्रश्नाचं त्यांनी दिलेलं उत्तर असं की त्या कामाला कोणी मालकच नव्हता, त्यामुळे तपासण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. लक्षात घ्या, गिटलॅबमध्ये पूर्णवेळ वरिष्ठ लोक होते. म्हणजे प्रमुख पाच दिवस येतो की दोन दिवस, एवढ्यावर काही ठरत नाही. ‘हे काम कोणाचं’ याला नावासकट उत्तर आहे का, यावर ठरतं. पूर्णवेळ प्रमुख असला की तो प्रश्न निदान रोज त्याच्या डोळ्यासमोर असतो. अर्धवेळ असला की तो प्रश्न लिहूनच ठेवावा लागतो.

आणि तिसरं अगदी ताजं, जुलै २०२५ मधलं. अमेरिकेत ‘टी’ नावाचं ॲप खूप गाजत होतं. डेटिंग करताना सावध राहता यावं म्हणून फक्त महिलांसाठी काढलेलं ॲप. महिला आहात याची खात्री करायला सेल्फी आणि ओळखपत्र मागायचे. जुना फोटोंचा साठा इंटरनेटवर उघडा राहिला होता. सुमारे ७२,००० फोटो बाहेर गेले, त्यातले १३,००० च्या आसपास सेल्फी आणि ओळखपत्रांचे. साठ्याचं दार बंद आहे ना, हे बघायला दोन दिवससुद्धा लागत नाहीत. जाणत्या माणसाचा अर्धा तास पुरतो. असा अर्धा तास विकत घेण्यासाठीच तर फ्रॅक्शनल सीटीओ असतो!

कायदा काय म्हणतो

कंपनी कायदा २०१३ च्या कलम २०३ नुसार शेअर बाजारात असलेल्या आणि ठरावीक आकाराच्या पब्लिक कंपन्यांना काही पदं पूर्णवेळच भरावी लागतात. मॅनेजिंग डायरेक्टर किंवा सीईओ, कंपनी सेक्रेटरी, सीएफओ. या यादीत सीटीओ नाही. बहुतेक स्टार्टअप्स प्रायव्हेट लिमिटेड असल्यामुळे त्यांना तर हे कलम असंही लागत नाही. म्हणजे पैशांचा हिशोब ठेवणारा पूर्णवेळ हवा असं मोठ्या कंपनीला कायदा सांगतो, पण कोट्यवधी लोकांचा डेटा सांभाळणारा कसा हवा याबद्दल तिथे काही नाही.

ही बाजू दुसरीकडून भरली जातेय. सर्ट-इन, म्हणजे देशातल्या सायबर घटनांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, तिने एप्रिल २०२२ मध्ये आदेश काढला की सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. कंपनी छोटी म्हणून यात सूट नाही. आता ६ तासांचा हिशोब मांडा. सर मंगळवारी येतात आणि घटना शुक्रवारी रात्री कळली.

डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं नियमांनंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. डेटा फुटला तर ज्यांचा गेला त्यांना विनाविलंब कळवायचं आणि मंडळाला ७२ तासांत तपशीलवार माहिती द्यायची. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. स्टार्टअप्सना काही कलमांतून सवलत देण्याची मुभा सरकारला आहे, पण त्या यादीत सुरक्षेचं कलम नाही. अनेक छोट्या मालकांचा इथेच गैरसमज आहे. ‘आम्ही स्टार्टअप, आम्हाला काय’ असं चालणार नाही. आणि दंड कंपनीला होतो, महिन्याची फी घेणाऱ्या सरांना नाही. त्यांचा करार एका महिन्याच्या नोटिशीवर संपू शकतो.

मग अर्धवेळ माणसाला कंपनीत गुंतवून कसं ठेवायचं? कर्मचाऱ्यांना देतात तसे ईसॉप देऊन टाकावेत, असं मालकांना वाटतं. पण ईसॉप मुळात कर्मचाऱ्यांसाठी असतात, बाहेरच्या सल्लागाराला ते सरळसरळ देता येत नाहीत. त्यामुळे वेगळे करार करावे लागतात, आणि छोट्या कंपन्या ते टाळतात. परिणाम असा की ज्याच्या हातात सगळ्यात मोठे निर्णय आहेत, त्याचं कंपनीच्या पाच वर्षांनंतरच्या तब्येतीशी काही देणं-घेणं उरत नाही. माझ्या मते या व्यवहारातली ही सगळ्यात कच्ची जागा आहे.

मग मूनलाइटिंग वाईट कसं?

हा प्रश्न मला प्रत्येक कट्ट्यावर ऐकू येतो आणि तो अगदी रास्त आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी सांगितलं की एकाच वेळी प्रतिस्पर्धी कंपनीतही काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं. त्याच्या महिनाभर आधी स्विगीने मात्र अटी घालून बाहेरच्या कामाला परवानगी दिली होती. जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या एका तरुण इंजिनिअरचं नाव जगभर गाजलं, कारण तो अमेरिकेतल्या अनेक स्टार्टअप्समध्ये एकाच वेळी, एकमेकांना न सांगता नोकरी करत होता. मग पंचविशीतल्याने केलं तर फसवणूक आणि पंचेचाळिशीतल्याने केलं तर फ्रॅक्शनल?

मुख्य फरक सांगून करण्याचा आहे. फ्रॅक्शनल माणूस तिन्ही कंपन्यांना तिन्हींची नावं सांगतो, प्रतिस्पर्धी घेत नाही, आणि पूर्ण वेळेचा पगार घेत नाही. ते मान्य. पण यात थोडं ढोंग आहेच. ज्या कंपनीचा प्रमुख तीन ठिकाणी काम करतो, तीच कंपनी तुमच्या ऑफर लेटरमध्ये ‘इतर कोणतेही काम करता येणार नाही’ असं कलम टाकते, मग ते रविवारचं छोटं फ्रीलान्स का असेना. वाटाघाटीची ताकद कोणाकडे आहे, एवढाच त्याचा अर्थ. कलम वाचा, आणि सही करण्याआधी लेखी परवानगी मागून बघा. मिळतेही कधी कधी.

तुम्ही अशा कंपनीत जात असाल तर

अर्धवेळ सीटीओ आहे म्हणून ऑफर नाकारू नका. शिकायला मिळतं, कारण हा माणसाला तीन कंपन्यांचे घोळ एकदम दिसत असतात. पण मुलाखतीत विचारा की सर नसतात त्या दिवशी रिलीज मागे घेण्याचा निर्णय कोण घेतं. नाव आलं तर उत्तम. “आमच्याकडे सगळे मिळून ठरवतात” असं उत्तर आलं तर तो आरएमओ तुम्हीच असणार आहात, फक्त ते तुमच्या ऑफर लेटरमध्ये लिहिलेलं नसेल. मग पगाराचं बोलणं त्या हिशोबाने करा. निर्णय कुठे लिहून ठेवतात हेही विचारा. सगळं सरांच्या डोक्यात आणि व्हॉट्सॲप कॉलवर असेल, तर ते गेले त्या दिवशी टीम कोरी होते.

आणि कंपनी वीस-पंचवीस इंजिनिअरची झाली तरी सर अजून मंगळवारीच येत असतील, तर मालक पैसे वाचवतोय असं समजा. माझ्या मते ही व्यवस्था पुलासारखी आहे. पूर्णवेळ माणूस येईपर्यंतची, किंवा टीममधला कोणी त्या जागेसाठी तयार होईपर्यंतची. चांगले फ्रॅक्शनल सीटीओ पहिल्या महिन्यातच विचारतात, ‘माझ्यानंतर कोण?’

ॲप नुसतं वापरणाऱ्यांना यातलं काही आतून दिसत नाही, पण एक खिडकी आहे. सध्या लागू असलेल्या २०११ च्या आयटी नियमांनुसारच कंपनीने तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर द्यायचा असतो, आणि तक्रार एका महिन्यात सोडवायची असते. मे २०२७ पासून नव्या नियमांप्रमाणे डेटाबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या व्यक्तीचा संपर्क ॲपवर किंवा वेबसाइटवर ठळक द्यावा लागेल. तुमच्या फोनमधलं एखादं छोटं ॲप निवडा, ज्याला तुम्ही ओळखपत्र दिलंय असं. त्याच्या प्रायव्हसी पॉलिसीत खाली जा. तिथे माणसाचं नाव आहे की नुसता ‘सपोर्ट’चा ईमेल आहे ते बघा. मग त्या पत्त्यावर दोन ओळी लिहा: माझा कोणता डेटा तुमच्याकडे आहे, आणि तो डिलीट करायचा असेल तर काय करायचं. उत्तर किती दिवसांनी येतं, आणि खाली कोणाचं नाव असतं, ते कमेंटमध्ये सांगा.